चिकटपट्टीची पाठ

१/
चिकटपट्टीचा इतिहास म्हटला की बहुधा गोंदाचा इतिहास सांगितला जातो. रबर कुठून आले, राळ कोणी मिसळली, पहिली पट्टी कोणी विकली, वगैरे. पण पट्टी करणाऱ्यांची मोठी अडचण वेगळीच होती. गुंडाळीतला प्रत्येक वेढा आपल्या खालच्या वेढ्याच्या पाठीवर बसलेला असतो. गोंद खरोखर कुठेही चिकटणारा असेल, तर तो सर्वांत आधी त्या पाठीलाच चिकटेल आणि गुंडाळीचा एक निरुपयोगी गोळा होईल. तसे होत नाही, कारण ती पाठ गोंदाला दाद न देणारी केलेली असते. हा धागा त्या पाठीचा आहे. तो कर्जत-खालापूरच्या घराघरांतल्या जुन्या कागदांपाशी जाऊन थांबतो, आणि तिथे जे पणाला लागले आहे ते किरकोळ नाही.

२/
चिकटणाऱ्या वस्तूला आवर घालण्याची विद्या या भागाला नवी नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत, फणस कापायला बसणारी बाई आधी तेलाची वाटी जवळ घेते. विळीच्या पात्याला तेल, दोन्ही तळव्यांना तेल, मग फणसाला हात. न विसरता हे करावे लागते, कारण फणसाचा चीक पाण्याने जात नाही, साबणाला जुमानत नाही आणि बोटांवर वाळून काळा पडतो. तेलाचा पातळ थर मध्ये असला की चीक कातडीपर्यंत पोचतच नाही. तो तेलाला धरतो, आणि तेल स्वतःच निसटते असल्याने दोन्ही मिळून पुसले जातात.

३/
पानगीची तऱ्हा निराळी. तांदळाचे भिजवलेले पीठ केळीच्या पानावर थापायचे, वर दुसरे पान झाकायचे आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचे. भाजल्यावर पान अलगद सुटते आणि पानाच्या शिरांची नक्षी पानगीवर उमटलेली राहते. केळीच्या पानावर निसर्गानेच मेणाचा थर दिलेला असतो. पावसाचे थेंब त्यावरून मोत्यांसारखे घरंगळतात ते त्यामुळेच. आंबापोळी घालताना ताटाला तुपाचा हात लावतात, चपाती लाटताना पोळपाटावर पिठी भुरभुरतात. तेल, मेण आणि भुकटी, हे तीन उपाय इथल्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी नांदत आले आहेत. चिकटपट्टीच्या कारखानदारांनी पुढे जे जे करून पाहिले, त्याची बीजे या तिघांत सापडतात.

४/
मात्र फणसाच्या विळीवर चालणारे तेल चिकटपट्टीवर चालत नाही. विळीचे काम कापल्यावर संपते. चीक निकामी झाला तर बरेच. पट्टीचा गोंद मात्र निकामी होऊन चालणार नाही. पाठीवर तेल चोळून गुंडाळी केली तर उलगडणे सोपे जाईल, पण ते तेल वरच्या वेढ्याच्या गोंदाला लागेल आणि पट्टी चिकटायच्या वेळी घसरून पडेल. म्हणजे हवा होता असा लेप, जो आपल्या पायाला कायमचा धरून राहील, गोंदाच्या अंगाला अजिबात लागणार नाही आणि तरीही गोंदाला आपल्यावर घट्ट बसू देणार नाही. एका बाजूने पक्का आणि दुसऱ्या बाजूने अलिप्त, अशा या दुहेरी वागणुकीसाठी शंभर वर्षे खर्ची पडली.

५/
आरंभ झाला वैद्यकात. १८४५ मध्ये अमेरिकेत विल्यम शेकट आणि होरेस डे यांनी रबर मिसळलेल्या चिकट मलमपट्टीचे पेटंट घेतले. १८८२ मध्ये हँबुर्गच्या पॉल बायर्सडॉर्फ या औषधविक्रेत्याने गटापर्चाचा पाया असलेल्या औषधी पट्टीचे पेटंट मिळवले. त्याच्या कंपनीने १९०१ मध्ये ‘ल्युकोप्लास्ट’ बाजारात आणले, आणि झिंक ऑक्साइडने पांढरी झालेली ती पट्टी पुढे जगभरच्या दवाखान्यांत पोचली. १९२० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनमधल्या अर्ल डिक्सन या कर्मचाऱ्याने घरगुती जखमांसाठी जी तयार पट्टी बनवली, तिच्या गोंदावर त्याने क्रिनोलिनचे ताठ कापड पांघरले होते. लावायच्या वेळी ते कापड ओढून काढायचे. केळीच्या पानाचीच ही युक्ती: चिकट वस्तू आणि जग यांच्यामध्ये एक सोलून टाकण्याजोगा पडदा.

६/
कर्जत-खालापूरच्या इतिहासात नेमका याच सुमारास विजेचा प्रवेश झाला. लोणावळ्याच्या पठारावर अडवलेले पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. कर्जत तालुक्यातले भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये. मुंबईच्या गिरण्यांची चाके या दोन तालुक्यांतून जाणाऱ्या तारांवर फिरू लागली. त्या काळी विजेच्या तारांच्या जोडांवर जगभर गुंडाळली जाई ती काळी कापडी पट्टी. सुती विणीत रबर मुरवलेले, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे चिकट. तिच्या पाठीवर लेप नसे. कापडाची वीण मजबूत म्हणून ती ओढून उलगडता येई, आणि गोंद मंद म्हणून ओढणे जमे. थोडक्यात, पाठीचा प्रश्न सुटलेला नव्हता. गोंदाला मंद ठेवून तो टाळलेला होता.

७/
प्रश्न टाळता येईना तो कागदाच्या पट्टीपाशी. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात रिचर्ड ड्रू हा थ्रीएम कंपनीचा तरुण कर्मचारी मोटारी रंगवणाऱ्या कारखान्यात सँडपेपरचे नमुने घेऊन गेला होता. दुरंगी मोटारींची तेव्हा चलती होती. एक रंग देताना दुसरा भाग झाकावा लागे, आणि झाकण्यासाठी लावलेली पट्टी काढताना नवा रंगही तिच्याबरोबर निघून येई. कारागिरांचा संताप ऐकून ड्रूने त्यांना निराळी पट्टी करून देण्याचे कबूल केले. १९२५ मध्ये त्याची सुरकुत्यांच्या कागदावरची मास्किंग टेप तयार झाली. तिचा गुण तिच्या चिकटण्यात जेवढा होता, तेवढाच स्वच्छ निघण्यात. चिकटपट्टीच्या इतिहासात ‘निघणे’ हा शब्द इथे पहिल्यांदा मालाच्या गुणांत गणला गेला.

८/
१९३० मध्ये ड्रूनेच सेलोफेनवरची पारदर्शक पट्टी केली. सेलोफेन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला काचेसारखा पातळ पापुद्रा. कापडासारखी ताकद त्यात नाही आणि कागदासारखा खरखरीतपणाही नाही. गुळगुळीत पापुद्र्यावर गोंद नीट बसत नसे. गुंडाळी उलगडताना तो आपली जागा सोडून खालच्या वेढ्याच्या पाठीवर जाऊन बसे. यावर आधी जो तोडगा निघाला तो पट्टीच्या पोटाकडचा होता. सेलोफेन आणि गोंद यांच्यामध्ये अस्तरासारखा एक थर दिला गेला, त्यामुळे गोंदाने पोट घट्ट धरले. पाठीने धरलेले सोडवायचे असेल, तर पोटाची पकड तिच्याहून पक्की हवी, हा तो सरळ हिशेब. पाठीला स्वतःचा लेप मिळायला अजून काही वर्षे जायची होती.

९/
मध्ये महायुद्ध आले. कर्जत परिसरात १९४२ च्या उत्तरार्धात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्यानंतर सहाच आठवड्यांत, १० फेब्रुवारीला, इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट या दोन आरमारी मुलांच्या आईने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिले. काडतुसांच्या खोक्यांवरची कागदी पट्टी उघडताना तिचे टोक तुटून हातात येते आणि ऐन लढाईत सैनिकाचे मोलाचे क्षण वाया जातात, ही तिची तक्रार. तिथून कापडी डक्ट टेपचा जन्म झाला. एकाच युद्धाच्या या दोन टोकांत दुसरे काही साम्य शोधू नये. पण स्टाउटबाईंचे पत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. बंद करण्याच्या साधनाबद्दल त्यांनी विचारलेला प्रश्न होता: हे उघडायचे कसे?

१०/
पाठीच्या लेपाचे पक्के उत्तर युद्धानंतर हाती आले. थ्रीएममधले कार्ल डालक्विस्ट आणि त्यांचे सहकारी यांना १९५० मध्ये एका लेपाचे पेटंट मिळाले. त्याचे नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. एका लांब रेणूच्या कण्याला अठरा-अठरा कार्बनच्या शेपट्या जोडायच्या. पाठीवर लेप दिला की कणा पायाला धरून राहतो आणि शेपट्या शेतातल्या भाताच्या रोपांसारख्या दाटीवाटीने उभ्या राहतात. गोंदाला वर दिसतात ती फक्त शेपट्यांची टोके, आणि ती टोके मेणासारखी असतात. केळीच्या पानावरचे मेणच जणू, पण पुसून न जाणारे. प्रत्येक शेपटी खालच्या कण्याला रासायनिक बंधाने बांधलेली. तेलाचे वैगुण्य असे दूर झाले. लेपाची जाडी एवढी कमी की बोटाला ती जाणवतही नाही.

११/
याच दशकात सिलिकॉनही या धंद्यात आले. अमेरिकेत यूजीन रॉको यांनी १९४० मध्ये सिलिकॉनचा कच्चा माल स्वस्तात करण्याची प्रक्रिया शोधली आणि १९५० च्या दशकात सिलिकॉनचा लेप दिलेले कागद बाजारात आले. स्टिकर सोलल्यावर हातात उरणारा गुळगुळीत कागद तो हाच. यामागचे शास्त्र पृष्ठऊर्जेचे. गोंद एखाद्या पृष्ठावर पसरून त्याच्या खाचाखोचांत शिरला तरच चिकटतो, आणि तो पसरेल की नाही हे त्या पृष्ठाच्या ओढीवर ठरते. पाण्याची ही ओढ मोजली तर ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर भरते. पॉलिथिनची सुमारे ३१ आणि सिलिकॉनची २० ते २४. एवढ्या मंद ओढीच्या पृष्ठावर गोंद टेकतो, पण रुजत नाही.

१२/
मग सगळीकडे सिलिकॉनच का वापरत नाहीत? कारण सुटणे अति सोपे झाले तरी काम बिघडते. पाठ फारच निसटती असली तर गुंडाळी आपोआप सैल पडते, वेढे एका बाजूला सरकतात आणि पट्टीचे टोक जागच्या जागी राहत नाही. शिवाय सिलिकॉन नीट पक्के झाले नसेल तर त्याचा अंश गोंदाला लागतो आणि फणसाच्या विळीचीच गत होते. म्हणून स्टिकरच्या कागदाला सिलिकॉन आणि गुंडाळीच्या पट्टीला पुष्कळदा डालक्विस्ट यांच्यासारखा मध्यम लेप, अशी वाटणी झाली. धरावे किती आणि सोडावे किती, याचे माप प्रत्येक मालाला वेगळे. धंद्यात या लेपाला ‘रिलीज कोट’ म्हणतात. त्या दोन शब्दांत हा सगळा तोल सामावला आहे.

१३/
२००२ पासून पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्यापाशी घटकाभर उभे राहिले, तर तपकिरी पट्टीने बंद केलेली किती खोकी जातात याची गणती लागणार नाही. ती पट्टी ताणलेल्या पॉलिप्रोपिलीनची. तिच्या एका बाजूला विजेच्या ठिणग्यांचा मारा देऊन ती बाजू गोंद धरण्याजोगी करतात. दुसरी बाजू तशीच सोडली तरी मुळातच मंद ओढीची असल्याने पुष्कळदा निराळ्या लेपावाचून भागते. रबराचा गोंद असेल तर मात्र पाठीला लेप देतात. पट्टी उलगडताना जो कर्कश आवाज होतो, तो गोंदाने पाठ धरत-सोडत, धरत-सोडत येण्याचा. आवाज न करणाऱ्या पट्टीच्या पाठीवर लेप अधिक निसटता असतो. एका पट्टीवर दुसरी पट्टी नीट बसत नाही, हा दुकानदाराचा अनुभवही त्या पाठीचाच प्रताप.

१४/
इथवरचा इतिहास एका वाक्यात सांगता येतो: पट्टी करणाऱ्यांनी पट्टीला तिच्या स्वतःच्या गोंदापासून वाचवले. तिची पाठ राखली गेली, म्हणून गुंडाळी महिनोन्महिने टिकते आणि हवी तेव्हा उलगडते. पण पट्टी जिथे जाऊन चिकटते, त्या वस्तूला असा कोणताही लेप कोणी दिलेला नसतो. पुठ्ठ्याच्या खोक्याचे त्यात फारसे काही जात नाही, कारण खोके फेकायचेच असते. जुन्या कागदाचे सर्वस्व जाते. कागद म्हणजे तंतूंचे जाळे; ओढ भरपूर, छिद्रे भरपूर, अलिप्तता शून्य. गोंदाला याहून आवडते घर नाही.

१५/
रबर आणि राळ यांचा गोंद कागदावर वर्षे काढतो तेव्हा त्याच्या तीन अवस्था होतात. पहिल्या अवस्थेत तो नुसता चिकट असतो आणि दुरुस्ती छान झाल्यासारखे वाटते. दुसऱ्या अवस्थेत हवेतल्या ऑक्सिजनने तो पिवळा आणि तेलकट होतो, तंतूंत झिरपतो आणि कागद तिथे अर्धपारदर्शक दिसू लागतो. काही शाई या तेलकटपणात फुटून पसरते. तिसऱ्या अवस्थेत तो सुकून ठिसूळ होतो. वरचा पापुद्रा आपोआप गळून पडतो, पण तपकिरी डाग तंतूंत कायम राहतो आणि तेवढा कागद कडक होऊन मोडतो. उष्णतेने हे सगळे लवकर घडते. ज्या मुलखात उन्हाळा तापतो आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पलीकडे पाऊस पडतो, तिथे पत्र्याच्या पेटीतला कागद यातून सुटेल अशी आशा कमीच.

१६/
ही चूक केवळ अडाण्यांची नव्हे. मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांचे तुकडे १९५० च्या दशकात जेरुसलेममध्ये जुळवले गेले, तेव्हा नामांकित विद्वानांनी ते चिकटपट्टीनेच जोडले. गोंद चर्मपत्रात उतरला आणि कडा काळवंडल्या. तो गोंद सुईच्या टोकाएवढ्या जागेतून हळूहळू उतरवण्याचे काम संवर्धकांना पुढे अनेक वर्षे करावे लागले. गुहेतल्या अंधाराने आणि कोरड्या हवेने दोन हजार वर्षे जे राखले, त्याला काही दशकांच्या गोंदाने धोक्यात आणले. मूळ विद्वानांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती जी पट्टी होती ती स्वच्छ, पारदर्शक आणि आधुनिक दिसत होती, आणि गुंडाळीवरून ती किती सहज सुटत होती!

१७/
आता कर्जत-खालापूरकडे. इथल्या घरांत कागद असतात: मोडीतली खरेदीखते, कुळकायद्याच्या काळातले उतारे, फेरफाराच्या नकला, शेतसाऱ्याच्या पावत्या. घडीवर फाटलेल्या, आणि घडीवरच चिकटपट्टी मारलेल्या. जमिनीला भाव आल्यापासून या कागदांना नव्याने किंमत आली. पण सर्वांत मोठी किंमत आहे ती ज्यांच्याकडे सर्वांत कमी कागद आहेत त्यांच्यासाठी. खैरापासून कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी हे नाव पडले, त्या कातकऱ्यांना आणि ठाकरांना २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा करण्याचा अधिकार दिला. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास.

१८/
हा पुरावा कशातून उभा राहतो? नियमांनी वडीलधाऱ्यांच्या जबाबाला स्थान दिले आहे, ही मोठी गोष्ट. तरीही सरकारी कागद असला की दाव्याला बळ येते, आणि वनजमीन कसणाऱ्याच्या हाती असणारा सरकारी कागद पुष्कळदा एकाच प्रकारचा असतो: अतिक्रमण केले म्हणून वनखात्याने केलेल्या दंडाची पावती. आजोबाचा गुन्हा ठरवणारा कागद नातवाचा हक्क ठरवतो. असा हातभर लांबीचाही नसलेला चिटोरा, त्यावर हस्ताक्षरात लिहिलेले नाव, साल, क्षेत्र. तो फाटतो, आणि जपायच्या हेतूनेच कोणीतरी त्यावर पट्टी लावते. नेमकी ती तारखेवर येते. दहा-वीस वर्षांनी त्या जागी एक तपकिरी ठसा उरतो, आणि साल वाचता येत नाही.

१९/
जुन्या बांधणीकारांकडे निराळी रीत होती. ते गव्हाच्या पिठाची खळ शिजवत आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद कागदाला अपायकारक म्हणून आजचे संवर्धक ती टाळतात, पण खळ त्यांनी सोडलेली नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि लांब तंतूंचा तलम जपानी कागद, हीच आजही फाटलेल्या दस्तऐवजाची मान्य दुरुस्ती आहे. याचे कारण परंपरेचे प्रेम नव्हे. ती खळ पन्नास वर्षांनीही थोड्या पाण्याने सैल होते आणि लावलेला तुकडा मूळ कागदाला इजा न करता काढता येतो. संवर्धनशास्त्राचा पहिला दंडक असा की, जे केले ते उद्या उलटवता आले पाहिजे. पट्टीच्या पाठीने जे शिकायला शंभर वर्षे घेतली, ते या खळीला मुळातच ठाऊक होते.

२०/
म्हणून काही साध्या गोष्टी. जुन्या कागदाला कोणतीही चिकटपट्टी लावू नये. ‘दस्तऐवजांसाठी’ असे लिहून विकली जाणारीही शक्यतो नको. लावलेली असेल तर ती ओढून काढू नये, कारण तिच्याबरोबर कागदाचा वरचा थर आणि शाई निघते. घरी केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब किंवा पेट्रोल वापरून पाहणे तर नकोच. लॅमिनेशनही करू नये. त्यात कागद कायमचा कोंडला जातो. फाटलेले तुकडे एकत्र, सपाट, स्वच्छ पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावेत. दोन्ही बाजूंचे छायाचित्र किंवा स्कॅन आजच करून घ्यावे, कारण डाग वाढत जातो आणि आज वाचता येणारे अक्षर पुढच्या पावसाळ्यात वाचता येईलच असे नाही. मग शक्य झाल्यास प्रशिक्षित संवर्धकाला दाखवावे.

२१/
ग्रामसभेच्या वनहक्क समितीत बसणाऱ्यांनी, दावे भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि शाळेतल्या गुरुजींनी एवढे एक काम केले तरी पुष्कळ आहे: दाव्याच्या कागदांची थैली उघडली की पट्टीचे रीळ बाजूला ठेवावे आणि आधी मोबाइलने फोटो काढावा. रिळाच्या पाठीला लेप आहे, ते वर्षभर तसेच राहील. पावतीला नाही.